शांत यंत्र आणि गप्प यंत्र

मंडळी, आज आपण ज्या यंत्राचा इतिहास पाहणार आहोत त्याचं नावही मराठीत नीट रुळलेलं नाही. होम थिएटर पीसी असं त्याला म्हणतात. आम्ही त्याला दिवाणखान्यातला संगणक म्हणू. टीव्हीशेजारी मावेल इतका लहान, आवाज न करणारा आणि नोकरदार माणसाच्या खिशाला परवडणारा. त्यावर चित्रपट पाहायचे, गाणी ऐकायची, टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करून सवडीने पाहायचे. काम एवढंच. पण ते नीट जमायला २००१ ते २०१२ अशी अकरा-बारा वर्षं लागली. आणि जमलं, तोवर त्याची गरजच संपली होती, असं म्हणतात. हे ‘असं म्हणतात’ कितपत खरं, ते आम्हाला आज तपासायचं आहे.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने या विषयात का पडावं, असं कुणी विचारेल. आमचं उत्तर सोपं आहे. या छोट्या इतिहासात दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. पहिला, पुरेसं म्हणजे किती? दुसरा, घरातलं यंत्र कुणाचं ऐकतं? पहिला प्रश्न नीतिशास्त्रातला, दुसरा राज्यशास्त्रातला. गंमत अशी की या दोन्ही प्रश्नांवर हातात स्क्रू ड्रायव्हर घेतलेल्या हौशी माणसांनी जे काम करून ठेवलं आहे, ते आमच्या विषयातल्या पुष्कळ प्रबंधांपेक्षा स्पष्ट आहे.

आधी आवाजाकडे वळू. शोपेनहाउअरने १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गोंगाटावर एक स्वतंत्र टिपण लिहिलं. गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यांनी तो हैराण झाला होता. त्याची तक्रार अशी की हा आवाज एकाग्र झालेल्या विचाराचे तुकडे करतो. आता २००० सालच्या आसपासचा संगणक आठवा. तो कामाच्या टेबलाखाली घोंघावत असायचा आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे, कारण कचेरीत त्याच्यापेक्षा मोठे आवाज असतात. तोच संगणक दिवाणखान्यात नेला आणि रात्री चित्रपट लावला, की अडचण कळायची. चित्रपटात संवाद असतात तसे शांततेचे क्षणही असतात. नट काही न बोलता खिडकीबाहेर पाहतो, आणि त्या क्षणी खोलीत ऐकू येतो तो कॅबिनेटमधला पंखा.

पंखा कशासाठी? तर उष्णता बाहेर काढण्यासाठी. इंटेलचा पेंटियम ४ नोव्हेंबर २००० मध्ये बाजारात आला. त्या काळी स्पर्धा होती गिगाहर्ट्झची. ज्याचा आकडा मोठा त्याचा माल चांगला, असं गणित. या शर्यतीत २००४ साली ‘प्रेस्कॉट’ नावाची पिढी आली आणि तिच्यातल्या वरच्या प्रोसेसरांची उष्णता ११५ वॉटपर्यंत गेली. आपल्या घरी पूर्वी शंभर वॉटचा पिवळा बल्ब असायचा. त्याला हात लावून पाहिलेला माणूस हे लगेच समजेल. त्याहून तापणारी वस्तू बंद पेटीत ठेवायची आणि वर म्हणायचं की आवाज करू नकोस! त्याच २००४ च्या मे महिन्यात इंटेलने या घराण्यातला पुढचा प्रोसेसर रद्द केला. शर्यत उष्णतेच्या भिंतीवर जाऊन आदळली होती.

ही भिंत कंपन्यांच्या आधी हौशी लोकांना दिसत होती. २००२ साली कॅनडातल्या व्हँकूवरच्या माइक चिन यांनी ‘सायलेंट पीसी रिव्ह्यू’ सुरू केलं. संगणकाचा वेग मोजणारे पुष्कळ होते, हे त्याचा आवाज मोजू लागले. त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींनी जे शोधून काढलं, ते आजही उपयोगी आहे म्हणून थोडं तपशिलात सांगतो.

पंख्याची हवा त्याच्या फेऱ्यांच्या प्रमाणात असते. फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते. पण आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणजे हवेचा तोटा कमी आणि शांततेचा फायदा जास्त. शिवाय ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी १२० मिलिमीटरचा घेतला तर त्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, त्यामुळे तेवढीच हवा तो सावकाश फिरूनही देतो. मग ही मंडळी पंखे मुद्दाम हळू फिरवू लागली. संगणकाच्या एसएमपीएसमधून येणाऱ्या पिवळ्या तारेत १२ व्होल्ट असतात, तांबड्या तारेत ५. पंख्याची वजा बाजू काळ्या तारेऐवजी तांबड्या तारेला जोडली की पंख्याला मिळतात ७ व्होल्ट. खर्च शून्य. हार्ड डिस्कची थरथर कॅबिनेटच्या पत्र्याला लागून घुमते, म्हणून ती डिस्क इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर टांगायची. हो, पायजम्यात घालतो तेच इलॅस्टिक.

पण मंडळी, हा सगळा लक्षणांवरचा इलाज झाला. आवाज हा उष्णतेचा परिणाम, आणि उष्णता हा जास्तीच्या खटाटोपाचा परिणाम. मूळ कारणाला हात घातला तो निराळ्या लोकांनी.

२००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने ‘मिनी-आयटीएक्स’ नावाचा मदरबोर्डाचा आकार पुढे आणला. १७ सेंटिमीटर लांब, १७ सेंटिमीटर रुंद. १९९५ पासून चालत आलेला नेहमीचा एटीएक्स बोर्ड साडेतीस बाय साडेचोवीस सेंटिमीटरचा. म्हणजे हा त्याच्या दोन-पंचमांशाहूनही लहान. त्यावर जो प्रोसेसर बसवला तो टेक्सासमधल्या सेंटॉर या छोट्या चमूने आखलेला. हळू चालणारा, पण थंड. ५३३ मेगाहर्ट्झच्या बोर्डावर तर प्रोसेसरला पंखाच नव्हता. संगणकाची परीक्षणं करणाऱ्यांनी तो नेहमीच्या कसोट्यांना लावला आणि नापास केला.

इथे आमचा पहिला प्रश्न येतो. कसोटी कशाची लावायची? चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, आपला टीव्ही २५ चित्रांनी. संगणकाने सेकंदाला शंभर चित्रं तयार केली म्हणून चित्रपट चौपट चांगला दिसत नाही. या कामाला वरून मर्यादा आहे. ती गाठली की पुढची सगळी ताकद म्हणजे नुसती उष्णता. खेळांच्या किंवा गणिताच्या कसोटीला अशी मर्यादा नसते, तिथे जास्त म्हणजे चांगलं हे खरं आहे. ज्या कामाला मर्यादा आहे त्याला अमर्याद कामाची फूटपट्टी लावणं, ही तर्कशास्त्रातली जुनी गफलत. छोट्या बोर्डावाल्यांनी ती ओळखली. त्यांनी विचारलं, ‘चित्रपट न अडखळता दिसण्यासाठी कमीत कमी काय लागतं?’

त्याचं उत्तर होतं खास कामाचं सर्किट. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ नावाच्या पद्धतीने आवळून ठेवलेलं असतं. ते उलगडायचं काम प्रोसेसरला दिलं तर तो करतो, पण घाम गाळून करतो. घरातलं उदाहरण घ्या. सुरीने आणि हाताने चकली वळता येईल का? कष्टाने येईल. पण सोऱ्या असेल तर मूलसुद्धा पाडतं. सोऱ्याला दुसरं फार काही येत नाही. पण जे येतं ते थोड्या जोरात होतं. व्हियाने आपल्या पुढच्या एपिया बोर्डांवर एमपेग-२ उलगडण्याला मदत करणारं असं सर्किट घातलं आणि थंड, हळू प्रोसेसर डीव्हीडी दाखवू लागला.

त्याच सुमारास दुसरीकडून वाट निघाली होती. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००१ मध्ये एक्सबॉक्स हे खेळाचं यंत्र आणलं. ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी. आज हातातल्या घड्याळातही याहून जास्त मेमरी असते. हौशी प्रोग्रामरांनी त्याचं कुलूप उघडून त्यावर स्वतःचं चित्रपट दाखवणारं सॉफ्टवेअर चढवलं. त्याचं नाव एक्सबॉक्स मीडिया सेंटर. इतक्या थोड्या मेमरीत बसवायचं म्हणून ते काटकसरीने लिहिलं गेलं. २०१४ साली त्याचं नाव बदलून ‘कोडी’ झालं आणि ते आजही चालू आहे. गरिबीत वाढलेलं पोर जसं पुढे थोडक्यात भागवतं, तसं.

पुढे चित्र मोठं झालं. डीव्हीडीच्या एका चित्रात आपल्याकडच्या पद्धतीने ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख ठिपके. हाय डेफिनिशनच्या चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाख. पाच पट. त्यातून २००३ मध्ये मान्य झालेली एच.२६४ ही आवळण्याची पद्धत उलगडायला फार कठीण. पुन्हा मोठे प्रोसेसर, पुन्हा पंखे. २००७ च्या सुमारास ग्राफिक कार्डांमध्ये या नव्या पद्धतीचे ‘सोरे’ बसले. २००८ मध्ये इंटेलचा अ‍ॅटम आला, फक्त ४ वॉटचा. पण त्याच्या पहिल्या छोट्या बोर्डावर एक विनोद घडला. प्रोसेसर ४ वॉटचा आणि त्याला साथ देणारी जुनी चिप वीस वॉटच्या वर. तेव्हा पंखा प्रोसेसरवर नव्हता, साथीदारावर होता! गवई शांत आणि तबलजी घामाघूम. २००९ मध्ये एनव्हिडियाच्या ‘आयन’ने ही जोडी सुधारली, आणि ताटलीएवढ्या यंत्रात हाय डेफिनिशन चित्रपट चालू लागला.

मग २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधून रास्पबेरी पाय आला. क्रेडिट कार्डाच्या आकाराचा बोर्ड, किंमत ३५ डॉलर. प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे अकरा वर्षांपूर्वीच्या एक्सबॉक्सहून आकड्याने कमीच. पण त्यात एच.२६४ चं सर्किट होतं. पंखा नाही, फिरणारं काहीच नाही. मोबाइलच्या चार्जरवर चालायचा. लहान, शांत आणि स्वस्त, तिन्ही एकदम साधलं. शांतता अखेर आवाज दाबून मिळाली नाही. काम ओळखून, तेवढंच करून मिळाली.

आता दुसरा प्रश्न. यंत्र कुणाचं ऐकतं?

याची सुरुवात संगणकाच्याही आधीची आहे. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीच्या बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरचा खटला पाच विरुद्ध चार मतांनी निकालात काढला. घरी बसून टीव्हीचा कार्यक्रम रेकॉर्ड करणं आणि नंतर पाहणं हा गुन्हा नाही, असं ठरलं. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर आजचं व्याख्यान झालं नसतं. १९९९ मध्ये टीवो हे यंत्र आलं. ते हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करायचं. आतून लिनक्सवर चालायचं, पण मालकाने त्यात बदल करायची सोय कंपनीने ठेवली नाही. एप्रिल २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्‌स या प्रोग्रामरने स्वतःचा रेकॉर्डर लिहायला घेतला. त्याचं नाव मिथटीव्ही. कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं, अशा परवान्याचं.

यानंतर जे घडलं ते ध्यानात ठेवण्यासारखं आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने नियम केला की डिजिटल टीव्हीच्या प्रक्षेपणात एक खूण असेल, आणि १ जुलै २००५ नंतर बनणाऱ्या प्रत्येक रिसीव्हरने त्या खुणेचं ऐकलं पाहिजे. खूण सांगेल तर मोकळी प्रत काढता येणार नाही. म्हणजे यंत्र तुमच्या घरात, तुमच्या पैशाचं, पण हुकूम प्रक्षेपण करणाऱ्याचा. तेव्हा नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने लोकांना सांगितलं की मुदत संपायच्या आत ट्यूनर कार्डं घ्या आणि आपला रेकॉर्डर आपण बांधा. दिवाणखान्यातला संगणक बांधणं हा काही महिने चक्क नागरी कार्यक्रम होता. ग्रंथपालांच्या संघटना न्यायालयात गेल्या. ६ मे २००५ रोजी न्यायालयाने नियम रद्द केला. कारण असं की प्रक्षेपण घरी पोचल्यावर पुढे रिसीव्हर काय करतो, यावर आयोगाची सत्ता चालत नाही. उंबरठा कुठे आहे ते न्यायालयाने दाखवलं.

पण कुलूप फक्त कायद्याचं नसतं. रास्पबेरी पायमध्ये डीव्हीडीच्या एमपेग-२ चंही सर्किट होतं, पण पेटंटच्या शुल्कामुळे ते बंद ठेवलेलं. ऑगस्ट २०१२ पासून सुमारे अडीच पौंडांना त्याची किल्ली विकत मिळू लागली, आणि ती किल्ली त्या एकाच बोर्डाला लागायची. वस्तू विकत घेतली तरी तिचा एक भाग तुमचा नाही, ही गोष्ट तिथे निदान उघड लिहिलेली होती. तो प्रामाणिकपणा आम्हाला आवडतो.

आपल्याकडे काय झालं? २००० नंतरच्या दशकात केबलवाल्याची वायर सरळ टीव्हीत जायची. ती ट्यूनर कार्डात घातली की कार्यक्रम संगणकावर दिसायचा आणि रेकॉर्डही व्हायचा. ही कार्डं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत मिळायची. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये मासिक शुल्काशिवाय सुरू केलेली उपग्रह सेवाही कुलूपबंद नव्हती. सॅटेलाइट कार्ड लावून ती संगणकावर पाहता येई. मग केबलचं डिजिटलीकरण आलं, २०१२ च्या अखेरीस मुंबईत आणि पुढे टप्प्याटप्प्याने इतरत्र. सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. त्याला कारण होतं, हे मान्य करायला हवं. केबलवाले ग्राहकांची खरी संख्या दाखवत नाहीत ही तक्रार खोटी नव्हती. पण एका चोरीचा बंदोबस्त करताना प्रेक्षकाच्या हातातली वायरही गेली, आणि त्यावर आपल्याकडे चर्चा झाली नाही.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. म्हणे यंत्र जमलं तेव्हा त्याची गरज संपली. जुलै २०१३ मध्ये गूगलचं क्रोमकास्ट आलं. टीव्हीच्या मागे खोचायची कांडी. किंमत ३५ डॉलर. रास्पबेरी पायचीही ३५. दोन्ही लहान, दोन्ही स्वस्त, दोन्ही बिनआवाजाचे. दुकानात पाहणाऱ्याला फरक दिसणारच नाही. फरक असा की पायला तुम्ही सांगाल ते तो दाखवतो, तुमच्या डिस्कवरचंही. कांडीला मात्र दर वेळी मालकाच्या सर्व्हरशी बोलावं लागतं. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर एकाएकी बंद पडली. ती बिघडली नव्हती. आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. काही दिवसांत कंपनीने दुरुस्ती पाठवली, तेव्हा चालू झाली. घरातल्या माणसाला त्या काळात करण्यासारखं फारसं काही नव्हतं.

मराठीत दोन शब्द आहेत, शांत आणि गप्प. ज्याला फार खटाटोप करावा लागत नाही, तो शांत. ज्याला काही ठाऊक आहे पण सांगत नाही, तो गप्प. बाहेरून दोघे सारखेच. पंखे काढून, व्होल्ट उतरवून, सर्किट घासूनपुसून लोकांनी शांत यंत्र घडवलं, आणि बाजाराने त्याच किमतीला गप्प यंत्र दिलं. ‘गरज संपली’ हे वाक्य या दोहोंत फरक न केल्यामुळे सुचतं. चित्रपट पाहण्याची गरज भागली, हे खरं. जे आपलं आहे ते आपल्या कह्यात ठेवण्याची गरज भागलेली नाही. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटीवरून उतरवलेलं चित्रण, आजीने म्हटलेल्या ओव्या, दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेलं एखादं नाटक, हे कुठल्या वर्गणीत मिळणार? आणि वर्गणीत जे मिळतं तेही करार संपला की एका रात्रीत यादीतून जातं.

कुणाला हे यंत्र आज बांधायचं असेल तर इतिहासाने क्रम घालून दिला आहे. आधी ठरवा की पाहायचं काय आहे आणि ते कोणत्या पद्धतीने आवळलेलं आहे. मग तेवढं उलगडणारं सर्किट असलेला सगळ्यात कमी वॉटचा प्रोसेसर घ्या. २०२३ पासून ६ वॉटचे सहज मिळतात. कचेऱ्यांतून निघालेले छोटे जुने संगणकही चालतील, सर्किटाची खात्री करून. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या, तिच्यात फिरणारं काही नसतं. शेवटी उष्णतेचा हिशेब आपल्या हवेप्रमाणे करा. ७० अंशांची चिप २५ अंशांच्या खोलीत असेल तर फरक ४५ अंशांचा. नागपुरात मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की फरक उरतो ३०. बिनपंख्याचा हीट सिंक तेव्हा साधारण दोन-तृतीयांशच उष्णता टाकू शकतो. युरोपातल्या हिशेबावर विसंबू नका. हीट सिंक एक माप मोठा घ्या, किंवा १२० मिलिमीटरचा एक पंखा अगदी हळू फिरू द्या. आणि टीव्हीखालच्या बंद कपाटात ते कोंबू नका.

आणि ज्यांना बांधायचं नाही, त्यांनी एकदा घरातल्या इंटरनेटची वायर पाच मिनिटं काढून पाहावी. त्या पाच मिनिटांत जे यंत्र तुमचा चित्रपट दाखवत राहील, ते तुमचं. इतर यंत्रं वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. ती भाड्याची आहेत, एवढं माहीत असावं.

इथे आम्ही थांबतो. प्रश्न जरूर विचारा.